नुसतं मतदार कार्ड असून भागत नाही
मतदानाबद्दल कुणीतरी लिहिलंय, 'कार्ड आहे ना, मग झालं.' नाही हो! मतदार यादीत नाव नसेल तर कार्ड खिशातच राहतं. आम्ही चौघं-पाचजण त्यासाठी बेळगावच्या वडगावात दारोदार फिरतोय. आधी सगळ्यांचा एकच प्रश्न, 'कुठल्या पक्षाकडनं आलाय?' कुठल्याच नाही म्हटलं की चहा मिळतो. एका मावशींनी विणायचा माग थांबवून कार्ड दाखवलं, त्यावर अजून माहेरचा खानापूरचा पत्ता; घरात सून आली तरी! त्यांना तिथंच ८ नंबरचा फॉर्म भरून दिला. नवीन नावाला ६ नंबर. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत बदल होत नाही, म्हणून आत्ताच बघा. यादीतलं कन्नड वाचता येत नसेल तर आम्हाला हाक मारा. मत कुणाला, ते मात्र विचारू नका.