विषय: मॅलह्यूर कौंटीची सोमवारची सभा आणि माझी तीन मिनिटे

ऑन्टारियोहून (ओरेगन)

सप्रेम नमस्कार,

ओरेगनची सीमा हलवून आमच्या मॅलह्यूरसह पूर्वेकडच्या कौंट्या शेजारच्या आयडाहो राज्यात घालाव्यात, अशी मोहीम चालू आहे. तिच्याविषयीची कौंटीच्या आयुक्तांची, म्हणजे निवडून दिलेल्या कारभाऱ्यांची, सभा येत्या सोमवारी कौंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या व्हेलला आहे आणि या वेळी बोलणाऱ्यांच्या यादीत मी नाव नोंदवले आहे. मागच्या सभेत काय झाले ते दिवाळीच्या जेवणात सांगून झाले आहे, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात एकच प्रश्न धड विचारता येतो, म्हणून तो आधी आपल्यापुढे ठेवते.

मी कांद्याच्या शेडमध्ये हिशेब पाहते, हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्याकडे जुलै २०२५ पासून किमान वेतन तासाला १४.०५ डॉलर आहे आणि स्नेक नदीच्या पुलापलीकडे आयडाहोत ७.२५. प्रत्यक्षात पलीकडेही इतक्या कमी पैशांत कोणी मिळत नाही, पण फरक राहतोच आणि म्हणून पहाटे पुलावरून इकडे येणाऱ्या गाड्यांवर आयडाहोच्या पाट्या असतात. संध्याकाळी त्याच पाट्या गांजाच्या दुकानांसमोर दिसतात, कारण तिकडे त्यावर बंदी आहे. मोठ्या दुकानांतही त्या दिसतात, कारण आपल्याकडे विक्रीकर नाही आणि तिकडे तो ६ टक्के, तोही किराण्यासकट. २०२१ च्या मे महिन्यात मतदारांनी आयुक्तांना वर्षातून तीनदा या विषयावर बसायला लावले, परंतु सीमा सरकली तर सीमेवर जगणाऱ्या गावाचे काय होईल, हे या सभांत अजून कोणी विचारलेले मी ऐकले नाही. तोच प्रश्न विचारावा असे मला वाटते. काही चुकत असेल तर कृपया शनिवारपर्यंत कळवावे.

खजिनदार, हिल्सबोरो

नमस्कार ताई,

प्रश्न चांगला आहे, पण तो आपल्या पोर्टलंडच्या मराठी मंडळाच्या नावाने विचारला जाऊ नये, एवढे आधीच लिहून ठेवतो. आपण करमुक्त संस्था आहोत. मंडळाचे नाव सभेच्या इतिवृत्तात आले की पुढच्या वर्षी कोणीतरी मलाच जाब विचारणार. गेल्या निवडणुकीच्या वेळी भोंडल्याच्या आमंत्रणाखाली एक ओळ राहून गेली, तिचे उत्तर देता देता माझा एक शनिवार-रविवार गेला होता.

आता मुद्द्याविषयी. विक्रीकर नाही हे खरे, पण प्राप्तिकर तुम्ही का सोडला? ओरेगनचा वरचा दर ९.९ टक्के आहे आणि आयडाहोने तो कमी करत करत ५.३ टक्क्यांवर आणला आहे. चांगल्या पगाराच्या कुटुंबाला आयडाहो स्वस्त पडेल आणि शेडमधल्या बाईला महाग. हा हिशेब मांडल्याशिवाय बाजारपेठेचा प्रश्न अर्धवट राहतो. सभा आठ वाजता आहे ना? ऑनलाइन पाहण्याचा विचार आहे.

बॉयसीहून, माजी अध्यक्ष

मंडळी, सस्नेह नमस्कार.

खजिनदारांनी मंडळाचे नाव वापरण्याला हरकत घेतली, परंतु मुळात या ताई कोणत्या मंडळाच्या, हा प्रश्न त्यांनी सोयीस्करपणे टाळला आहे. गणपती त्यांचा आमच्याकडे, आयडाहोतल्या बॉयसीला, संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्याकडे, मुलांची मराठी शाळाही आमच्याकडे, आणि वर्गणी मात्र पावणेचारशे मैलांवर पोर्टलंडला. ऑन्टारियोहून बॉयसी तासाभराच्या वाटेवर आहे. त्यांचे घड्याळही आमचे आहे, कारण जवळजवळ सगळी मॅलह्यूर कौंटी माउंटन वेळेवर चालते. (तेव्हा खजिनदारसाहेबांनी आठ की नऊ ते नीट पाहावे.) टीव्हीवर त्यांना आमच्या उमेदवारांच्या जाहिराती दिसतात आणि मत मात्र ज्यांना कधी पाहिले नाही अशांना द्यावे लागते. कौंटीची भावना नेमकी हीच आहे आणि ती मला तरी रास्त वाटते. १३ कौंट्यांनी या ना त्या शब्दांत हाच कौल दिला आहे. आमच्या आयडाहोच्या प्रतिनिधिगृहानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये बोलणी सुरू करावीत असा ठराव ४१ विरुद्ध २८ मतांनी संमत केला.

बीव्हरटनहून, आपले बेळगावचे काका

सर्वांना नमस्कार.

१३ कौंट्यांचा कौल म्हणजे काय, हे आधी नीट पाहू या. वलावा कौंटीत २०२० साली प्रस्ताव पडला आणि २०२३ मध्ये तो अवघ्या ७ मतांनी पार झाला. डग्लस कौंटीने तो दोनदा नाकारला, जोसेफीनने एकदा, आणि मग नकाशातून तो सगळा नैऋत्य कोपराच वगळला गेला. ज्यांनी होकार दिला त्यांनीही बहुतेक ठिकाणी ‘आयुक्तांनी यावर चर्चा करावी’ एवढ्याच वाक्याला होकार दिला आहे. चर्चा करा म्हणणे आणि घर हलवा म्हणणे यांत अंतर आहे.

माझा जन्म बेळगावातला, शहापूर पेठेतला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती, असे आई सांगत असे. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. पुढच्याच वर्षी त्याने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव मात्र हलवू नये, असे सांगितले. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही आणि २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आमची मागणी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार खांबांवर उभी आहे. यातले तत्त्व काही हवेतले नाही. आंध्र आणि मद्रास यांची सीमा मध्यस्थ म्हणून पाटसकरांनी खेडे हाच घटक धरून आखली, दोन्ही राज्यांनी ती मानली आणि १ एप्रिल १९६० पासून ती लागूही झाली. आमच्या वेळी दोघांनी मानले नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हा लोकेच्छेची टिंगल माझ्याकडून होणार नाही. परंतु भारतात घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद एकटी सीमा बदलू शकते. संबंधित राज्याचे मत फक्त मागवले जाते, ते बंधनकारक नसते. एवढे असूनही आमची वयाची पंच्याहत्तरी आली. इथे तर दोन्ही राज्यांची विधिमंडळे आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, तिघांचीही संमती लागते. सेलममध्ये, म्हणजे ओरेगनच्या विधिमंडळात, हा विषय मांडला गेला, पण मंजूर झालेला नाही. म्हणून ताईंनी विचारायचेच असेल तर हे विचारावे, की सेलमने संमती द्यावी यासाठी त्यांना बदल्यात काय देणार?

पेंडल्टनहून, डॉक्टरताई

काकांच्या चुलीच्या आठवणीने गलबलले, पण सीमा सरकली की दवाखान्यात काय सरकते तेही लिहिते. आयडाहोत ऑगस्ट २०२२ पासून गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आहे. नदीच्या अलीकडे ती नाही, म्हणून अनेक बायका पूल ओलांडून ऑन्टारियोला येतात. पूल तोच राहील आणि कायदा बदलेल. त्यानंतर त्यांना किती मैल जावे लागेल, हे नकाशा काढणाऱ्यांनी सांगावे. माझी कौंटी, उमटिला, त्या तेरांत नाही, परंतु मोहिमेच्या नकाशात आम्हाला न विचारताच धरले आहे.

बॉयसीहून, माजी अध्यक्ष

डॉक्टरताईंचा मुद्दा मान्य आहे आणि त्यावर मी काही बोलू नये हे उत्तम. काकांना मात्र उत्तर देतो. बदल्यात काय द्यायचे असे तुम्ही विचारता, तर पूर्वेकडच्या कौंट्यांवर सेलमचा जो खर्च होतो तो वाचेल, असे मोहिमेचे लोक पहिल्या दिवसापासून सांगत आहेत. इलिनॉयमधल्या ३३ कौंट्यांनी असाच कौल दिला आणि २०२५ मध्ये इंडियानाने त्यासाठी कायद्याने आयोगही नेमला. म्हणजे ही केवळ चार शेतकऱ्यांची हौस नव्हे.

कॉर्व्हॅलिसहून, निवृत्त ग्रंथपाल

स. न.

आयोग इंडियानाने नेमला आहे, इलिनॉयने नव्हे. घेणारा नेहमीच तयार असतो, मुलीकडचे काय म्हणतात ते पाहावे.

कौंट्या एका राज्यातून दुसऱ्यात गेल्याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे आणि ते अगदी शिकण्यासारखे आहे. १८६३ साली व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया निघाले, तेव्हा बर्कली आणि जेफरसन या दोन कौंट्यांत यादवी युद्धाच्या धामधुमीत मतदान घेऊन त्यांना नव्या राज्यात घातले गेले. हार्पर्स फेरी याच जेफरसन कौंटीत आहे. युद्ध संपल्यावर व्हर्जिनियाने आपली संमती मागे घेतली, काँग्रेसने १८६६ मध्ये बदलावर शिक्कामोर्तब केले, आणि १८७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूने दिला. गावे कोणाची हे आठ वर्षांत ठरले. पण जुन्या राज्याच्या कर्जात नव्या राज्याचा वाटा किती, हा वाद १९१५ पर्यंत चालला. तेव्हा न्यायालयाने सुमारे १ कोटी २४ लाख डॉलर ठरवले आणि शेवटचा हप्ता १९३९ साली फिटला.

ताई, तुमच्या गावाशेजारी ओरेगनचा सर्वांत मोठा तुरुंग आहे, सुमारे तीन हजार कैद्यांचा. ती इमारत कोणाची होणार, त्यातले पोर्टलंडचे कैदी कोठे जाणार, पहारेकऱ्यांचे निवृत्तिवेतन कोण देणार? बाजारपेठ बसेल की नाही हा अंदाज आहे, आणि तुरुंग ही दगडविटांची वस्तू आहे. आयुक्तांना वस्तूबद्दल विचारावे, म्हणजे त्यांना हवेत बोलता येत नाही.

खजिनदार, हिल्सबोरो

ग्रंथपाल महोदयांशी सहमत आहे. निवृत्तिवेतनाचा मुद्दा मीच मांडणार होतो. वर्गणी कोठे भरावी याबद्दल माजी अध्यक्षांनी जे लिहिले, त्यास मंडळाच्या घटनेच्या दुसऱ्या कलमाचा आधार नाही. ‘ओरेगन राज्यातील रहिवासी’ असे तेथे स्पष्ट शब्द आहेत.

बॉयसीहून, माजी अध्यक्ष

म्हणजे सीमा सरकली की ताई आपोआप आमच्या. आम्ही वाट पाहू.

बीव्हरटनहून, काका

तुरुंगाचे ठीक आहे, पण मला ताईंचाच मूळ प्रश्न अधिक पटू लागला आहे, म्हणून माझी आधीची सूचना मागे घेतो. कोल्हापूरहून निपाणीकडे जाताना कोगनोळीचा नाका लागतो. डिझेलच्या दरातल्या फरकापायी ट्रकवाले नाका ओलांडून मगच टाकी भरत, आणि त्या रांगेवर चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, उसाच्या रसाचे गाडे उभे राहिले. माझा मामेभाऊ तिथे पंपावर कामाला होता आणि सीमालढ्याच्या सभेला जाताना कपाळाला काळी फीतही बांधत असे. मी त्याला एकदा विचारले होते, की अरे, निपाणी महाराष्ट्रात गेली तर तुझ्या पंपाचे काय? तो म्हणाला, “दादा, तेव्हाचं तेव्हा बघू.” घरी आम्ही दोघेही हसलो होतो. नाक्यावरच्या माणसाला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात आणि मला ते खोटेपणाचे वाटत नाही. आयुक्तही असेच असतील. दुपारी सभेत सीमा हलवा म्हणायचे आणि सकाळी दुकानाचे कुलूप सीमेच्या भरवशावर उघडायचे.

ऑन्टारियोहून

सर्वांचे मनापासून आभार.

काल संध्याकाळी शेड बंद करताना आमच्या मुकादमाला सहज विचारले. तो राहतो पलीकडे, फ्रूटलंडला. पन्नास पौंडी पोत्यांची थप्पी मोजता मोजता न थांबता म्हणाला, की सीमा इकडे सरकली तर त्याचा रोजचा पूल तसाच राहील, फक्त पूल ओलांडण्याचे कारण उरणार नाही. मत दिले असते तर कोणत्या बाजूने, असे विचारल्यावर म्हणाला, बाजूने. मग पुन्हा पोती मोजू लागला, कारण माझ्यामुळे त्याचा आकडा चुकला होता.

त्यामुळे प्रश्न बाजारपेठेचाच ठेवते आहे, पण ग्रंथपालकाकांचा सल्ला मानून तो वस्तूवर आणला आहे. तो असा: “गांजाच्या विक्रीवर ऑन्टारियो शहराला जो ३ टक्के स्थानिक कर मिळतो, तो सीमा सरकल्यावर शून्य होईल. त्या पैशातून आज जे भागते ते उद्या कोणत्या पैशातून भागवायचे, याचा कागद आयुक्तांनी तयार केला आहे का? नसेल तर पुढच्या सभेपूर्वी करतील का?” वाचायला चाळीस सेकंद लागतात. उरलेल्या वेळात तुरुंगाचे विचारीन. दवाखान्याचे त्या सभेत मला विचारता येणार नाही, डॉक्टरताई, माझ्या मागच्या बाकावर शेडचे मालक बसलेले असतात.

मंडळाचे नाव घेणार नाही. वर्गणीचा धनादेश पोर्टलंडला पाठवला आहे आणि गणपतीला पुरणपोळ्या बॉयसीलाच आणीन. सभा नऊला आहे, म्हणजे आमच्या नऊला. खजिनदारसाहेब, तुमच्या घड्याळात तेव्हा आठच वाजलेले असतील, तेव्हा आपण लिहिले होते तेच बरोबर होते.