किक स्कूटर : बोल्ट आवळला की मागचं चाक जाम, मदत हवी

लोकमान्यनगर_इंदूर
नमस्कार. मुलगा चौथीत आहे, त्याची घडीची दोन चाकी किक स्कूटर दोन वर्षं वापरात आहे. पावसाळाभर कॉलनीमागच्या रिकाम्या प्लॉटवर चालवली. आपली माळव्याची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. दिवाळीपर्यंत चाकं नुसती खरखर वाजायला लागली.

मी सियागंजातून ६०८ नंबरची चार बेअरिंग आणली. जुनी स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीनं ठोकून काढली, नवी बसवली. पुढचं चाक मस्त फिरतं. मागचं मात्र बोल्ट पूर्ण आवळला की अर्धा फेराही घेत नाही. बोल्ट थोडा सैल केला की छान फिरतं, पण डावी-उजवीकडे हलतं. दुकानदार म्हणाले बेअरिंग खराब असेल, बदलून दिलं. तरी तेच. सध्या सैलच ठेवलाय, बोल्टावर नेलपॉलिशचा थेंब लावून. तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईतो माझं लक्ष दारातच असतं.

दुसरं, गल्लीत पेव्हर ब्लॉक आहेत, हँडल फार थरथरतं. मित्राची स्कूटर मोठ्या, २०० मिमी चाकांची आहे, म्हणून यालाही तीच हवीत. ह्याच स्कूटरला लागतील का?

बडोदेकर_७७
एखादं बेअरिंग उलटं बसलं असेल. काढून फिरवून बसवा आणि डब्ल्यूडी-४० (जाम भाग मोकळे करायचा फवारा) मारा, मोकळं होईल.

जुना_फिटर
ताई, आधी स्कूटर खाली ठेवा आणि बाळाला दोन दिवस देऊ नका. सैल बोल्टावर मूल चालवतंय हे वाचून राहवलं नाही. धक्क्यानं बोल्ट आणखी सुटत जातो, आणि ब्रेक मागच्याच चाकावर आहे.

मी २२ वर्षं गिरणीत फिटर होतो, बेअरिंगांतच आयुष्य गेलं. तुमचं बेअरिंग खराब नाही. ६०८ ला उलट-सुलट बाजू नसते, कसंही बसवा. मधला बुश हरवलाय.

चाकात दोन बेअरिंग असतात, एकेका बाजूला एक. प्रत्येकात एक आतली आणि एक बाहेरची रिंग, मध्ये छर्रे. त्यांच्या मध्ये, बोल्टाभोवती, लहानशी नळी असते. तोच बुश, दुकानात त्याला स्पेसर म्हणतात. बोल्ट आवळला की दाब एका बेअरिंगच्या आतल्या रिंगवरून बुशवर आणि तिथून दुसऱ्याच्या आतल्या रिंगवर जातो. सगळं एक सळई असल्यासारखं घट्ट होतं आणि बाहेरची रिंग चाकाबरोबर मोकळी फिरते. बुश नसला की दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, छर्रे तिरपे दाबले जातात आणि चाक अडतं. म्हणून तर सैल केल्यावर तुम्हाला फिरताना दिसतं.

जुनं बेअरिंग ठोकून काढताना ही नळी घरंगळून पडते. जिथं बसून काम केलंत तिथं कपाटाखाली, पायपुसण्याखाली बघा. नाहीच मिळाली तर दोन्ही बेअरिंग चाकात पूर्ण खाली बसवा आणि एका आतल्या रिंगच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या सरकपट्टीनं, मोजा. ६०८ ची रुंदी ७ मिमी असते, दोघांची १४. मापातून १४ वजा करा, तेवढी बुशची लांबी. बहुतेक स्कूटरांत ती १० च्या आसपास निघते, पण अंदाजावर जाऊ नका. भोक ८ मिमी, कारण ६०८ मधला शेवटचा ८ म्हणजे आतल्या भोकाचं माप. बाहेरून ११ च्या वर नको. जाड नळी बेअरिंगच्या सीलला, म्हणजे कडेच्या झाकणाला, घासते. याच कारणानं बुशऐवजी वॉशर एकावर एक रचू नका. साधा ८ चा वॉशर बाहेरून १६ मिमी असतो.

लांबी केसभर जास्त चालेल, कमी मुळीच नको. टोकं सरळ हवीत, कानशीनं तिरपी झाली तर पुन्हा तेच दुखणं.

नवं बेअरिंग बसवताना आतल्या रिंगवर ठोकू नका. दाब छर्ऱ्यांतून जातो आणि नव्या बेअरिंगलाच खड्डे पडतात. जुनं बेअरिंग वर ठेवून त्याच्यावर ठोका, म्हणजे बाहेरच्या रिंगवर जोर येतो. जुनी बेअरिंग मी म्हणूनच फेकू देत नाही.

बडोदेकर, सील असलेल्या बेअरिंगवर फवारा मारला तर आतलं ग्रीसच पातळ होऊन बाहेर येतं. चार दिवस मोकळं वाटतं, पुन्हा कोरडं.

ताई, बेअरिंगच्या कडेला काय आहे बघा, रबर की पत्रा? पुढच्या वेळी '२आरएस' लिहिलेलं, रबराचं मागा. पत्र्याचं, म्हणजे 'झेडझेड', हलकं फिरतं, पण ही माती त्यात शिरते.

लोकमान्यनगर_इंदूर
काका, डोळे उघडले. घर पालथं घातलं, पण नळी नाही मिळाली. त्या दिवशीचा कचरा दुसऱ्या सकाळीच कचरागाडीत गेला. बेअरिंग पत्र्याचीच आहेत. व्हर्नियर शेजारच्या काकांकडून आणून मोजलं, २४.२ आलं. म्हणजे १०.२?

जुना_फिटर
बरोबर. लेथवाल्याला, म्हणजे यंत्रावर धातू कातून देणाऱ्याला, १०.३ सांगा, मग घासून जुळवा. त्याला चाक आणि बोल्टही दाखवा, तोंडी मापात चूक होते. बोल्टाचे आटे पेट्रोलनं पुसून कोरडे करा आणि निळं थ्रेडलॉकर (बोल्ट आपोआप सुटू न देणारा गोंद) लावा, लाल नको, ते पुन्हा उघडताना त्रास देतं. नेलपॉलिश खरवडून टाका.

मोठ्या चाकांचा विचार सोडा. २०० ची चाकं त्या फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्यात, मावणार नाहीत, मागचा ब्रेकही घासेल. कुठे लावलीच तरी पाय ठेवायची फळी उंच होईल. उंच फळीवर उभ्या पायाचा गुडघा दर ढकलीला जास्त वाकतो, मूल दहा मिनिटांत थकतं. चाकावर ८८ए असं काही छापलंय का पाहा. त्याच व्यासाचं ८२ए आसपासचं घ्या. आकडा कमी तितकं चाक मऊ, पेव्हरचे दणके कमी. लवकर झिजेल, पण मुलाच्या हाताला आराम.

आणि थरथर सगळी चाकाचीच नसते. पुढचं चाक भिंतीला टेकवून हँडल मागे-पुढे ढकला. घडीच्या सांध्यात किंवा हँडलच्या मानेत टकटक जाणवली तर तिथले बोल्ट आधी आवळा.

लोकमान्यनगर_इंदूर
झालं! लेथवाल्यानं १०.३ चा बुश वीस मिनिटांत करून दिला, ५० रुपये घेतले. दोन्ही टोकं काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर थोडी घासली. बोल्ट घट्ट आवळला, मागचं चाक उचलून एक झटका दिला, २० सेकंद फिरलं. इकडे तिकडे अजिबात हलत नाही. मानेचा बोल्ट खरंच अर्धा फेरा सैल होता.

चाकावर ८५ए छापलंय. ८२ए दोन्ही चाकांना घेऊ, की फक्त पुढच्याला घेतलं तर चालेल?

जुना_फिटर
फक्त पुढच्याला. मागचं ब्रेकनं झिजतं, तिथं कडकच राहू दे. आणि आता बाळाला द्या स्कूटर.