अनोळखी लिंक न उघडणं पुरेसं नाही
फोनमधून होणाऱ्या हेरगिरीचा विषय निघाला की बरेच जण म्हणतात, अनोळखी लिंक उघडली नाही की फोन सेफ, आणि मेसेज एन्क्रिप्टेड असले की तेही सेफ. एकेकाळी हे बऱ्यापैकी खरं होतं. २०१६ मध्ये यूएईतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना एसएमएस आला, तिथल्या तुरुंगातल्या छळाची गुपितं इथे वाचा म्हणून, त्यांनी लिंक न उघडता तो मेसेज टोरांटोच्या सिटिझन लॅब या डिजिटल हेरगिरीचा शोध घेणाऱ्या संशोधन गटाकडे पाठवला आणि त्यातून एनएसओ या इस्रायली कंपनीचं पेगॅसस हे फोनमध्ये घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर उघडं पडलं, ॲपलला घाईघाईने अपडेट काढावं लागलं. पण २०१९ मध्ये पेगॅसस फोनमध्ये घुसायला व्हॉट्सॲपवर नुसता कॉल पुरायचा, उचलायचीही गरज नाही, सुमारे १४०० जणांना असं लक्ष्य केलं होतं. तिथे सावध माणूस तरी काय करणार सांगा?

एन्क्रिप्शनचं, म्हणजे मेसेज मध्येच कोणाला वाचता येऊ नये म्हणून तो कुलूपबंद करण्याचं म्हणाल, तर ते मेसेज वाटेत असेपर्यंत. फोनच ताब्यात गेला की तुम्ही स्क्रीनवर वाचताय तेच पलीकडचाही वाचतो, शिवाय माइक आणि कॅमेरा आहेच.

मला खरा राग येतो तो एनएसओच्या 'आम्ही फक्त सरकारांनाच विकतो, गुन्हेगार आणि दहशतवादी पकडायला' या खुलाशाचा. मन्सूर यांना २०१७ मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी १० वर्षांची शिक्षा, तीही सोशल मीडियावर लिहिलं म्हणून. सरकार हेच गिऱ्हाईक असेल तर तक्रार करायची कोणाकडे?

पत्रकार, वकील, कार्यकर्ते कोणी इथे असाल तर आयफोनमधला लॉकडाउन मोड (अशा हल्ल्यांच्या वाटा कमी करायला फोनच्या काही सोयी बंद ठेवणारी सेटिंग) प्लीज चालू करा आणि अपडेट आलं की त्याच दिवशी टाका.