‘केसावर फुगे’ आणि ‘बुढीचे बाल’

‘केसावर फुगेऽऽ, केसावर बुढीचे बाऽऽल’ ही आरोळी ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना तिचा अर्थ सांगावा लागणार नाही. पण शहरात वाढलेल्या माझ्या पुतणीने ‘केसांवर फुगे बांधायचे का?’ असे विचारले, तेव्हा या ‘वर’कडे आपण कधी नीट पाहिलेच नाही, हे माझ्या लक्षात आले.

येथे ‘वर’ म्हणजे ‘बदल्यात’: केस द्यायचे आणि फुगा घ्यायचा. यवतमाळकडच्या आमच्या गावात हा ‘वर’ फक्त वस्तूला लागत असे, पैशाला नाही. फुगा ‘चार आण्याला’ मिळे, पण बोरकूट (वाळलेल्या बोरांची पूड) ‘जवारीवर’ आणि फुटाणे ‘कापसावर’. ‘चार आण्यावर फुगा’ असे कोणी म्हटलेले मला आठवत नाही. ‘रोजावर’, ‘हप्त्यावर’, ‘व्याजावर’ यांतील ‘वर’ त्याचाच भाऊबंद असावा, मात्र तिथे तो व्यवहाराची अट सांगतो, तर ‘कापसावर’मध्ये प्रत्यक्ष वस्तू हातातून जाते. शिवाय ‘वर दोन दे की’ असे म्हणून आम्ही जे जास्तीचे मागत असू, तो ‘वर’ निराळाच.

दिवाळीच्या आगेमागे कापसाचा पहिला वेचा सुरू झाला, की फुटाणेवाला धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधांवरून येई आणि पोरे ओंजळीत कापूस धरून धावत. दवाने ओला झालेला कापूस वजनाला जास्त भरतो, हे आम्हांला ठाऊक होते आणि त्यालाही. म्हणून तो आधी कापूस मुठीत दाबून पाही, पत्ती लागलेला असेल तर बोटांनी पिंजून वेगळा करी आणि मगच तराजूला हात लावी.

आता ‘बुढीचे बाल’. साखरेच्या तंतूंच्या या खाऊला पुण्या-मुंबईकडे ‘म्हातारीचे केस’ म्हणतात, आणि आमचा शब्द हिंदीची नक्कल आहे असे सुनावणारेही भेटतात. ‘बाल’ हिंदीतला हे मान्य. 1956 पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती, तेव्हा इतकी सरमिसळ होणारच. ‘बुढी’ मात्र माझ्या मते वऱ्हाडीने पुरती आपलीशी केलेली आहे, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘बुढा-बुढी’ म्हणताना कोणाला आपण हिंदी बोलतो असे वाटत नाही. (रुईच्या बोंडातून उडणाऱ्या पांढऱ्या कापसालाही मराठीत ‘म्हातारी’ म्हणतात, साखरेची म्हातारी गुलाबी का, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.)

विंचरल्यावर फणीत अडकलेले केस गुंडाळून ठेवतात, त्याला ‘गुंतवळ’ असा नेमका शब्द आहे. आमच्या घरी ते भिंतीतल्या देवळीत, चिमणीच्या दिव्यामागे साठवलेले असे. घंटा ऐकू आली की मी ते घेऊन धावे आणि काचेच्या पेटीतून निघालेला गुलाबी पुंजका घरी पोहोचेपर्यंत जिभेवर विरून जाई. एकदा आईच्या काळ्या केसांत आजीचे पांढरे केसही मिसळले होते. फेरीवाल्याने ते एकेक वेचून माझ्या हातावर परत ठेवले आणि म्हणाला, ‘‘बुढीचे बाल मी इकतो बाप्पा, घेत नाई.’’