ऑइल पेंटिंगमध्ये सोनेरी केस जमत नाहीयेत, भाचेसून जेजुरीहून आल्यासारखी दिसतेय

सांगलीची_सुमा
नमस्कार मंडळी. मी हौशी आहे, ऑइल चार-पाच वर्षं करतेय, आजवर सगळी पोर्ट्रेट घरातल्यांचीच केली म्हणजे काळे केस नाहीतर पिकलेले केस. आता माझा भाचा नेदरलँडला असतो त्याची बायको तिकडचीच आहे, डिसेंबरमध्ये दोघं येतायत तेव्हा तिला तिचं पोर्ट्रेट द्यायचंय, १६ बाय २० चा कॅनव्हास घेतलाय. चेहरा बरा जमलाय असं मला वाटतं पण केसांनी वाट लावली. लेमन यलो, क्रोम यलो, सावलीला बर्न्ट अंबर (तांबूस तपकिरी) आणि वरून पांढऱ्याने एक एक केस काढत बसले दोन दुपारी. आमच्या ह्यांनी बघितलं आणि विचारलं, ही काय जेजुरीला जाऊन आली का, डोक्यावर भंडारा दिसतोय. हसू आलं पण खरंच तसंच दिसतंय हो. फोटो टाकलाय खाली. मागे गडद निळी बॅकग्राउंड आहे. काय चुकतंय?

कुंचला_कोल्हापूर
ताई, आधी लेमन आणि क्रोम दोन्ही ट्यूबा कपाटात ठेवा आणि किल्ली ह्यांच्याकडे द्या 😀

आता एक करा. पांढऱ्या कागदाला पंचिंग मशीनने भोक पाडा आणि तो कागद रेफरन्स फोटोवर सरकवत न्या, फक्त भोकातून दिसेल तेवढाच रंग बघायचा, हे केस आहेत हे विसरून. कानामागे न्या, मानेजवळ न्या. पिवळा कुठे सापडतोय का बघा. मातकट, करडा, कुठे शेवाळी असंच काहीतरी दिसेल. आपल्याकडच्या कडब्याची गंजी आठवा, लांबून बघितली की सोनेरी म्हणतो आपण, पण जवळ जाऊन आतल्या बाजूला बघितलं तर राखाडी तपकिरी असते आणि फक्त ऊन पडलेली कड चमकते. ब्लाँड केस म्हणजे हुबेहूब तेच. बघणाऱ्याला पिवळं वाटतं ते शेजारच्या रंगांमुळे.

मी मधला टोन यलो ऑकर (मातकट पिवळा), रॉ अंबर (थंड तपकिरी) आणि थोडा पांढरा असा करतो. सावलीत ऑकरमध्ये आयव्हरी ब्लॅक, हिरवट झाक येते त्याने, आपण काळ्या केसांची माणसं त्या हिरवटाला घाबरतो पण इथे तीच पाहिजे. बर्न्ट अंबर सावलीला घेतला की तांबूस होतं म्हणून तुमचं हळद आणि चहा वेगवेगळे दिसतायत. आणि चमक पिवळी नसते! काळ्या केसांवर खिडकीची चमक आपण निळसर टाकतो ना, कारण चमक उजेडाचा रंग घेते, केसांचा नाही. इथेही तसंच, खिडकीचा उजेड असेल तर पांढऱ्यात किंचित थंड करडा.

अजून एक, फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघा. उजेडातलं कपाळ आणि त्याच्या लगतचे केस जवळजवळ एकाच टोनचे निघतील. तुम्ही केस चेहऱ्यापेक्षा उजळ केलेत, त्यामुळे चेहरा मागे गेला आणि डोकं पुढे आलं.

स्वीडनच्या अँडर्स झॉर्नची (१८६०–१९२०) पोर्ट्रेट बघाच. झॉर्न पॅलेट म्हणतात त्यात चारच रंग, पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक. १८९६ च्या सेल्फ पोर्ट्रेटमध्ये तर पॅलेट हातातच आहे. भोवती सगळी सोनेरी केसांची माणसं आणि पॅलेटवर झगझगीत पिवळा नाही.

गप्पिष्ट_गेरू
केसांचं जाऊद्या, भुवया बघा आधी. आयव्हरी ब्लॅकने भुवया आणि वर पापण्यांना काजळ! हाताला सवय असते ना. त्या बाईच्या भुवया फोटोत कपाळापेक्षा जेमतेम एक शेड गडद आहेत. केस कितीही सुधारलेत तरी ह्या भुवया असतील तोवर तो विगच वाटणार.

सांगलीची_सुमा
अगंबाई!! हे मला दिसलंच नव्हतं. खरंच काजळ घातलंय मी तिला.

डच_सूनबाई
हाय, मी मूळची नाशिकची, ॲम्स्टरडॅमजवळ राहते, पेंटिंग थोडंफार करते. इथे रोज ट्रेनमध्ये समोर हेच केस असतात त्यामुळे सांगू शकते की एकाच बाईचे केस ऑगस्टमध्ये वेगळे आणि जानेवारीत वेगळे. उन्हाळ्यात वरचा थर उन्हाने फिका होतो, मुळाशी मात्र गडदच, आणि ढगाळ दिवशी तर नुसती राख. इथे ज्याला डार्क ब्लाँड म्हणतात त्याला आपल्याकडे सरळ तपकिरीच म्हणतील. तेव्हा तुमच्या भाचेसुनेचे नक्की कुठले ते आधी बघा, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नको, त्यात फोटो दाबला जाऊन बारीक तपशील हरवतात. भाच्याला सांगा खिडकीपाशी उभं करून एक साधा फोटो काढून मेलवर पाठव, फिल्टर न लावता.

आणि एक एक केस काढणं बंद करा काकू. इथे राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं तरुणपणचं सेल्फ पोर्ट्रेट आहे, साधारण १६२८ चं, म्हणजे तो बाविशीचा होता. एवढंसं आहे, २२.६ बाय १८.७ सेंटीमीटर, वहीच्या पानाएवढं. चेहरा अर्धा अंधारात आणि डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल. नाक लावून बघितलं तेव्हा कळलं की उजेडातल्या बटा रंगवलेल्याच नाहीत, ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याने ओरखडलंय आणि खालचा उजळ थर वर आलाय. मी घरी येऊन लगेच ट्राय केलं, पहिल्यांदा कॅनव्हासच फाटता फाटता वाचला (त्याचं लाकडावर आहे, आपला कॅनव्हास लवतो) पण दहा-बारा ओरखडे पुरतात.

जवसाचं_तेल
वरच्या सगळ्याशी सहमत पण एक उलटी बाजू. मी असाच सल्ला ऐकून सगळीकडे रॉ अंबर घातला आणि चिखल झाला, बाई आजारी दिसायला लागली. सगळंच थंड करू नका. जिथे केस विरळ असतात, कानापाशी, मानेवरच्या बारीक बटा, तिथे मागून उजेड असेल तर तो आरपार येतो आणि तिथे चक्क नारिंगी गरमपणा असतो. तिथे बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी) अगदी पातळ. आणि पांढरा जपून, टिटॅनियम जास्त झाला की सगळं खडूसारखं होतं.

कपाळ आणि केस मिळतात ती रेघ तर मुळीच नको. दोन्ही रंग ओले असताना कोरड्या ब्रशने एकमेकांत ओढून घ्या. काळ्या केसांत ती कड चालून जाते, ब्लाँडमध्ये टोपी घातल्यासारखं दिसतं.

सांगलीची_सुमा
किती छान सांगितलंत सगळ्यांनी. पण आता आहे त्याचं काय करू? रंग लावून आठवडा झाला, हाताला लागत नाही. बॅकग्राउंड ठेवू का?

कुंचला_कोल्हापूर
पांढऱ्याने काढलेल्या रेघा वर उठल्या असतील त्या पॅलेट नाइफने हलक्या हाताने खरवडा, नाहीतर नवीन रंगाखालूनही दिसत राहतील. मग रॉ अंबर तेलात पातळ करून सगळ्या केसांवरून एक हात फिरवा, पिवळा लगेच बसतो खाली. अंबरमध्ये मँगनीज असतं त्यामुळे तो लवकर वाळतो, तुम्हाला घाईही आहे. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त असू द्या, नुसता टर्पेन्टाइन ओतू नका नाहीतर पुढे तडे जातील.

निळी बॅकग्राउंड एवढी गडद ठेवलीत तर केस अजून भडकणार. तिच्यात करडा मिसळून उतरवा, आणि एका बाजूला केस त्यात विरघळू द्या.

सांगलीची_सुमा
नऊ दिवसांनी लिहितेय, मध्ये पाहुणे होते. भाच्याने खिडकीतला फोटो पाठवला, त्यात केस खरंच कडब्याच्या रंगाचे निघाले, मी पंचिंगच्या भोकातून बघत बसले तर नातू म्हणाला आजी काय शोधतेयस. अंबर फिरवला, ऑकरचे सपाट मोठे हात मारले एक इंची चपट्या ब्रशने, चमक फक्त कपाळाच्या वर एका जागी. दांड्याचे ओरखडे सात. भुवया पुसून नव्याने केल्या. डाव्या पापणीचं काजळ अजून आहे, ते वाळलंय घट्ट. ह्यांना दाखवलं तर म्हणाले आता ती जेजुरीची नाही, पण सर्दी झालेली वाटतेय. म्हणजे गरमपणा कमी पडला ना? आणि डिसेंबरपर्यंत व्हार्निश मारता येईल का?

जवसाचं_तेल
हो, सर्दी म्हणजे तेच. कानापाशी आणि मानेवर सिएना द्या, गालाच्या बाजूच्या बटेत पण किंचित. फायनल व्हार्निशला सहा महिने तरी थांबा, डिसेंबरला रीटचिंग व्हार्निशचा (तात्पुरतं, पातळ व्हार्निश) पातळ हात पुरे. आणि विमानात नेणार असतील तर कॅनव्हास फ्रेमवरून काढून गुंडाळू नका एवढ्यात, रंग बाहेरून वाळलाय, आतून नाही.