शिट्टीपेक्षा गल्ल्या पाठ पाहिजेत
एकांनी लिहिलंय, गणपती विसर्जनाच्या दिवशी बॅरिकेडवरच्या स्वयंसेवकाला काम काय, शिट्टी वाजवायची अन् मिरवणूक बघायची. एकदा उभं राहून बघा म्हणावं!

२०२४ ला अनंत चतुर्दशी अन् मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला आले. सकाळी झेंडावंदन, नंतर संभाजीनगरात राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून मिरवणूक. मी गुलमंडीजवळ एका गल्लीच्या तोंडाशी होतो. गर्दीचं काही वाटत नाही, दुचाकीवाले जड जातात. "घर इथंच आहे भाऊ, सोडा की." एकाला सोडलं की मागं दहा तयार. नुसतं 'रस्ता बंद' म्हटलं की माणूस हुज्जत घालतो. 'मागं फिरा, दुसऱ्या डाव्या बोळातून निघा' म्हटलं की बहुतेक जण गुमान वळतात. म्हणून आदल्या दिवशी आजूबाजूच्या गल्ल्या पायी फिरून घ्या.

दुसरं, बॅरिकेड एकमेकांना दोरीनं आवळून बांधू नका. आम्ही बांधले होते. ॲम्ब्युलन्स आली अन् गाठ सुटेना, शेवटी पानटपरीवाल्यानं कात्री दिली.

अन् चप्पल नको, बूटच घाला. ढोलपथक वळताना पाय तुडवतंच.