राहते राजवाडे, आता संग्रहालयं : थायलंडचे अनुभव लिहा

शर्वरी_ठा
काल आईकडे माळा आवरताना एक जांभळं लुंगीसारखं कापड निघालं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. बँकॉकच्या विमानमेक वाड्यात बाबांना हाफ पँट घातली म्हणून दारातच अडवलं होतं, तेव्हा घ्यायला लागलेलं ते कापड. बाबांनी ते नेसून अख्खा वाडा बघितला आणि फोटोत एकदाही हसले नाहीत.

वाडा सोनेरी सागवानाचा. पाचव्या रामाने (तिथल्या राजांना राम पहिला, दुसरा असं म्हणतात), म्हणजे राजा चुलालोंगकोर्नने, आधी सी चांग बेटावर बांधायला घेतला होता. १८९३ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतलं आणि काम अर्धवट राहिलं. मग लाकडं सोडवून बँकॉकला आणली आणि १९०१ मध्ये राजा तिथे राहायला आला. नंतर वर्षानुवर्षं बंद पडून होता, १९८२ मध्ये राणी सिरिकितने संग्रहालय करून उघडला. (हाच राजा १८७२ मध्ये आपल्या मुंबईलाही येऊन गेलाय.)

आईला त्यातलं फक्त न्हाणीघर आठवतं. शॉवर होता आणि वरची टाकी नोकर हाताने भरायचे असं गाईडबाईंनी सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच, फक्त बादली वर."

तर ग्रँड पॅलेस सगळ्यांनी पाहिलाय, तो नको. राजघराण्याची राहती घरं जी आता संग्रहालयं झालीत, त्यातलं घर म्हणून काय लक्षात राहिलं ते लिहा.

पेणकर
आमच्या टूरवाल्याच्या छापील कार्यक्रमात विमानमेक होता. प्रत्यक्षात तेवढा वेळ रत्नांच्या शोरूममध्ये बसवलं. बायकोने पुष्कराज घेतला. खरा आहे का ते विचारायची अजून हिंमत नाही.

देवकी
@पेणकर आमच्याकडे नीलम आहे. या एकदा, दोन्ही सोनाराला दाखवू.

बीकेके_वाला
विमानमेक २०१६ मध्येच बंद झाला. २०१९ मध्ये बातम्या आल्या की पाया नव्याने करायला अख्खा वाडा उतरवलाय. तेव्हा इकडे बराच गदारोळ झाला, लोक म्हणे वाडा गेला कुठे! एकदा बेटावरून उचलून आणलेला वाडा, त्याला सवय असणार.

अनघा७
मृगदायवन!! कुणी गेलंय का? हुआ हिनच्या अलीकडे चा-अमला, अगदी समुद्रावर. सहाव्या रामाचा, म्हणजे राजा वजिरावुधचा उन्हाळी वाडा. पोलिसांच्या छावणीच्या आवारात आहे, त्यामुळे गेटपाशी आपण चुकून आलो की काय असं वाटतं.

आधी राजाचा मुक्काम दुसऱ्या किनाऱ्यावर होता, तिथे माश्या फार आणि गोड्या पाण्याचे हाल. म्हणून तिथलं लाकूड काढून इकडे आणलं. (या लोकांना वाडे हलवायची हौसच दिसते.) वाडा म्हणजे खांबांवर उचललेले लांबच लांब सागवानी सोपे. मधून छप्पर घातलेले वऱ्हांडे थेट समुद्रापर्यंत जातात, राजाचा वेगळा, बायकांचा वेगळा. उंच छत, सगळीकडून वारा, भर दुपारी पंख्याची आठवण झाली नाही.

पण मी अडकले खांबांपाशी. एक हजाराच्या वर खांब आहेत आणि प्रत्येकाच्या बुडाशी सिमेंटची गोल पन्हळ, पाणी भरायला. मुंग्या वर चढू नयेत म्हणून! आजी फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, तेच राजाने अख्ख्या वाड्याला केलं. नवरा पुढे निघून गेला, मी उकिडवी बसून पन्हळींचे फोटो काढतेय. इटालियन वास्तुविशारद होता मानफ्रेदी, पण मुंग्यांचं डोकं कुणाचं ते सांगा मला.

एवढं करून राजा १९२४ आणि १९२५ असे दोनच उन्हाळे राहिला. १९२५ च्या नोव्हेंबरात वारला. 😔

स्वाती_मु
शाकुंतल थाईत आणलं तो हाच ना?

अनघा७
हाच गं. सावित्रीवरही नाटक लिहिलंय. वाड्यातच नाटकाचा मंडप आहे, पुढे उघडा. आवडला मला राजा.

बीकेके_वाला
त्याचा एक कुत्राही होता, या-ले. कुणीतरी गोळी घालून मारला. नाखोन पथोमच्या सनाम चंद्र वाड्यात, राजाच्या महालासमोरच पुतळा आहे त्याचा, खाली राजाने लिहिलेल्या ओळी.

देवकी
हे वाचून आमच्या मोत्याला उगीच एक पोळी जास्त घातली.

कोकणी_माणूस
फेचबुरीचा खाओ वांग. डोंगरावरचा राजवाडा, चौथ्या रामाचा म्हणजे राजा मोंगकुटचा. चाफ्याची झाडं इतकी की वर जाईपर्यंत वास पाठ सोडत नाही. आणि माकडं. माझ्या हातातलं शहाळं नळीसकट गेलं.

वर घुमटाचा बुरूज आहे, तिथून राजा तारे बघायचा. पंचांगातला खरा माणूस! १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण त्याने आधी मांडून दाखवलं, दक्षिणेला वा को गावी पाहुण्यांना बोलावून दाखवलं, आणि तिथेच हिवताप घेऊन आला. ऑक्टोबरात गेला. आमच्या विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात ना, तेच हे ग्रहण! इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने हेलियम शोधला तिथे.

पेणकर
ग्रहण तेच, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता हो. ग्रहण बघायला आला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन, आणि तोही गुंटूरला. विजयदुर्गाचं प्रत्येक वेळी निघतं.

कोकणी_माणूस
मग ओटे कोणी बांधले, तुम्ही?

पेणकर
पुष्कराजात पैसे गेले, नाहीतर बांधले असते.

स्वाती_मु
भांडा निवांत. मी दोई तुंगबद्दल लिहिते, भाजी गॅसवर आहे म्हणून थोडक्यात. चियांग रायच्या डोंगरात, आठव्या आणि नवव्या रामाच्या आईचं घर. बाई राजघराण्यातली नव्हे, नर्सिंग शिकलेली. आजूबाजूला अफूची शेती होती, ती सुटावी म्हणून म्हातारपणी तिथे येऊन राहिली आणि कॉफी, मॅकाडेमिया लावायला लावले. दिवाणखान्याच्या छतावर लाकडात आकाश कोरलंय, तिच्या जन्माच्या दिवशीचं, १९०० सालचं. बाकी घर अगदी साधं. फोटोला मनाई, त्यामुळे मान वर करून नीट बघितलं. आले, करपतंय काहीतरी

माऊ
डिसेंबरात सासूबाईंना घेऊन जातेय, गुडघ्यांचा त्रास आहे. यातलं काय झेपेल? खाओ वांगला गाडी वर जाते का?

कोकणी_माणूस
रुळांवरची गाडी आहे, पण वर गेल्यावरही चढउतार आहेच. वर माकडं.

देवकी
बँकॉकमधला सुआन पक्काद घ्या. राजपुत्र चुम्भोतने राहतं घर १९५२ मध्ये लोकांना उघडलं. आत काळ्या-सोनेरी लाखकामाचा मंडप आहे, त्यावर रामायण. तिकिटाबरोबर हातपंखाही दिला होता आम्हाला. फक्त जुनी घरं खांबांवर, दर घराला जिना.

माऊ
जिना नकोच गं 🙏

बीकेके_वाला
मग फाया थाई. वाडा, मग हॉटेल, मग रेडिओ स्टेशन, आता सैन्याच्या इस्पितळाच्या आवारात. वर नाही गेल्या तरी खाली जुन्या दालनात कॅफे आहे, तिथे बसवा, तुम्ही फिरून या. गुडघ्याचा डॉक्टरही शेजारीच.

माऊ
हे जमेल. चहा मिळतो का? त्यांना कॉफी चालत नाही.

बीकेके_वाला
मिळतो. आल्याची अपेक्षा ठेवू नका.